घाटावरच्या ढगांना टोलनाका नसतो

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली बांधून पुरं झालं. तेव्हा जगात टेफ्लॉन नव्हतं. ते सापडलं १९३८ साली. डीडीटीनं किडे मरतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. ते कळलं १९३९ साली. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पुढे वापरलं गेलेलं पीसीबी कारखान्यात बनू लागायला अजून तीन वर्षं होती. म्हणजे अकोले तालुक्यातला हा जलाशय, पर्यटक ज्याला आर्थर लेक म्हणतात तो, या सगळ्या चिवट रसायनांच्या वापरापेक्षा वयानं मोठा आहे. ती वापरात आली, जगभर पसरली, त्यातल्या काहींवर बंदी आली, आणि इकडे दर पावसाळ्यात जलाशयाच्या तळाशी गाळाचा नवा थर बसत राहिला.

रतनगडाच्या पायथ्याला कारखान्यातल्या रसायनांचं काय काम, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण या मंडळींच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकल्या की आडबाजूचं गाव म्हणजे सुरक्षित गाव, हा समज फार टिकत नाही.

पेंग्विनवर कोणी फवारणी केली?

अंटार्क्टिकात शेती नाही, डास नाहीत, गोदामं नाहीत. तरी १९६६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत बातमी आली की तिथल्या अॅडेली पेंग्विनच्या आणि एका सीलच्या चरबीत डीडीटीचे अंश सापडले आहेत. सर्वात जवळची फवारणी हजारो किलोमीटर दूर.

याहून चटका लावणारी गोष्ट कॅनडातली आहे. १९८० च्या दशकात एरिक दवाई हे डॉक्टर आईच्या दुधातल्या पीसीबीचा अभ्यास करत होते. तुलनेसाठी त्यांना ‘स्वच्छ’ भागातल्या बायका हव्या होत्या, म्हणून उत्तर क्वेबेकमधल्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट मातांचं दूध तपासलं. ते शहरी बायकांच्या दुधापेक्षा कमी दूषित निघेल अशी अपेक्षा होती. निघालं पाचपट जास्त. कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या त्या बायका सील आणि देवमाशाचं मांस खात होत्या, आणि पीसीबीला चरबी फार आवडते.

उडी, मुक्काम, पुन्हा उडी

ही रसायनं इतक्या लांब जातात कशी? भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ वर जाते आणि गार झाकणाला आतून पाणी सुटतं. पृथ्वीवर हेच चालतं, फक्त झाकण असतं ध्रुवांवर आणि उंच डोंगरांवर. गरम प्रदेशात जमिनीवर पडलेलं रसायन उन्हानं थोडं उडतं, वाऱ्यावर चढतं, गार हवेत गेलं की खाली बसतं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उडतं. अशा उड्या मारत ते थंडीकडे सरकत जातं. शास्त्रज्ञांनी याला नाकतोड्याच्या उडीचं नाव दिलंय. फ्रँक वानिया आणि डॉन मॅके यांनी १९९३ साली हा हिशेब नीट मांडला: हलकी रसायनं लांब जातात, जड अलीकडेच उतरतात.

एवढ्या प्रवासात ती मोडत का नाहीत? कारण ती मोडू नयेत म्हणूनच बनवली होती. पीसीबी आग लागू नये म्हणून, डीडीटी भिंतीवर महिनोन्‌महिने टिकावं म्हणून, टेफ्लॉनच्या कुळातली रसायनं पाणी आणि तेल दोन्ही चिकटू नयेत म्हणून. जो गुण विकला, तोच आता निस्तरायचा आहे. मातीत पडलेलं डीडीटी निम्मं व्हायलाच दोन ते पंधरा वर्षं लागू शकतात.

बेटावरचं तळं, तळ्यातलं बेट

लेक सुपिरियर हे उत्तर अमेरिकेतलं अवाढव्य सरोवर. त्यात आईल रॉयल नावाचं बेट. त्या बेटावर सिस्किविट नावाचं तळं. या तळ्यात कुठल्याही गावाचं सांडपाणी येत नाही, मोठ्या सरोवराचं पाणीही वर चढत नाही. त्यात जे काही बाहेरचं पडेल ते फक्त हवेतून. म्हणूनच रॉन हाइट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला गाळ तपासला आणि १९८४ साली ‘सायन्स’मध्ये निकाल छापला: गाळात डायऑक्सिन आहे, आणि ते साधारण १९४० पासून वाढत गेलंय.

डायऑक्सिन कोणी मुद्दाम बनवत नाही. क्लोरीन असलेल्या वस्तू अर्धवट जळल्या की ते आपोआप तयार होतं. लाकूड माणूस हजारो वर्षं जाळतोय. गाळातला आकडा मात्र चढला तो क्लोरीनवाली रसायनं आणि त्यांचा कचरा जाळायला सुरुवात झाल्यावर.

इथे अकोले तालुक्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची इथली जुनी पद्धत आहे: गोवऱ्या, पालापाचोळा, काटक्या. त्यातून धूर होतो, पण डायऑक्सिनची खरी भीती वेगळीकडे आहे. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसीच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग क्लोरीनचा. तांब्यासाठी जाळलेली वायर, फुटका पाईप, जुना प्लास्टिकचा रेनकोट, सगळं त्याच जातीचं. काजवे पाहायला मे-जूनमध्ये गर्दी लोटते, तंबू पडतात, आणि सकाळी उरलेला कचरा ढीग करून पेटवला जातो. धुमसणारी, काळा धूर सोडणारी आग डायऑक्सिनसाठी सर्वात सोयीची. त्यासाठी अमेरिकेतून वारा यायची गरज नाही. आपल्या तळ्याच्या काठावरच काम होतं. राबात फ्लेक्सचा तुकडा टाकू नका आणि कॅम्पवाल्यालाही टाकू देऊ नका, हे मी हात जोडून सांगेन.

नैर्ऋत्येला काय आहे?

घाटघरच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात उभं राहिलं तर वारा समोरून, नैर्ऋत्येकडून येतो. नकाशावर त्या दिशेला सरळ रेघ मारा. खाली शहापूर, आणि साठ-सत्तर किलोमीटरवर उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली: राज्यातल्या दाट रासायनिक पट्ट्यांपैकी एक. डोंबिवलीच्या एमआयडीसीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला रस्ता गुलाबी झाला होता. ते रंग दिसले म्हणून बातमी झाली. या लेखातली रसायनं बिनरंगी आहेत.

कोकणावरून आलेली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, गार होते आणि कोसळते. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाची गणती हजारो मिलिमीटरमध्ये होते. त्याच तालुक्यात, अकोले शहरात मात्र त्यातला लहानसा हिस्सा पडतो. हवेत जे तरंगत असेल ते पाऊस धुऊन खाली आणतो, आणि जिथे पाऊस जास्त तिथे धुणंही जास्त.

आपला घाट आल्प्ससारखा थंड नाही, मग बर्फाच्या डोंगरांचे नियम इथे कसे लागू, अशी शंका रास्त आहे. तिचं उत्तर मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात मिळतं. तिथेही उष्ण किनारा, मागे डोंगर, डोंगरावर कायम ढग. २००७ साली वानिया यांच्याच गटानं तिथल्या जंगलातली माती तपासली. एंडोसल्फानसारखी कीटकनाशकं उंचावरच्या, शेतीपासून दूर असलेल्या ढगाळ जंगलात अधिक साचलेली आढळली. बर्फ नव्हता; पाऊस, धुकं आणि थोडासा गारवा एवढं पुरलं. सह्याद्रीची प्रकृती याच्याशी किती जुळते हे कळसूबाईवर पावसात चढलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

आणि मान्सून हे ओझं उचलतो का? उचलतो. आग्नेय तिबेटमधल्या लुलांग इथं हवेची मोजणी झाली, तिचे निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले. भारतीय मान्सूनचा वारा तिथे पोचला की हवेत डीडीटी वाढतं आणि वारा फिरला की कमी होतं. ३,३०० मीटर उंचीवर.

भंडारदऱ्याची आणखी एक गंमत म्हणजे तिथल्या पाण्याची दिशा. अरबी समुद्रावरून आलेला थेंब रतनगडावर पडला की प्रवरेत जातो, विल्सन आणि निळवंडे धरणं ओलांडतो, प्रवरासंगमला गोदावरीला मिळतो आणि थेट बंगालच्या उपसागराकडे निघतो. वाटेत थांबला तर जलाशयात. मातीच्या कणांना चिकटलेली रसायनं याच मुक्कामात तळाला बसतात.

दाराशेजारची तारीख

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पाठीवर पंप घेतलेले फवारणीवाले वाड्या-वस्त्यांवर फिरू लागले. शेणानं सारवलेल्या भिंतीवर डीडीटीचे पांढरे ओघळ, आणि काम झालं की दाराशेजारी लिहिलेली तारीख. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना ते अजून आठवतं. या फवारणीनं असंख्य जीव वाचवले, त्यामुळे डीडीटीला नुसत्या शिव्या देणं मला पटत नाही. पॉल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही.

शेतातली गोष्ट निराळी. बीएचसी पावडर फडक्यात बांधून पिकावर झटकायची, हे कित्येक घरांत नित्याचं होतं. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. एंड्रिन हे कीटकनाशक तर खेड्यापाड्यात विषाचंच दुसरं नाव झालं होतं. ‘एंड्रिन घेतलं’ म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसे. हेच एंड्रिन आणि डीडीटी, चिवट रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा रसायनांत आहेत. करार २००१ साली झाला, भारतानं तो २००६ साली मान्य केला. डीडीटी हिवतापासाठी वापरायची मुभा त्यात ठेवलेली आहे, आणि ते बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांपैकी एक आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत होता.

बंदी आली म्हणून हवा लगेच कोरी होत नाही. २००६-०७ मध्ये मुंबई आणि गोव्यासह देशातल्या सात ठिकाणी हवा तपासली गेली. यंत्र अगदी साधं: एकावर दुसरं पालथं धरलेली दोन स्टीलची भांडी, मध्ये फोमची चकती. ना वीज, ना पंप. वारा आतून फिरतो आणि चकती रसायन शोषत राहते. काही आठवड्यांनी चकती काढायची आणि प्रयोगशाळेत धुऊन मोजायची. डीडीटी आणि बीएचसी कुळातली रसायनं या शहरांच्या हवेत तेव्हाही फिरत होती.

झटपट काही

स्वीडनमध्ये सोरेन येन्सेन डीडीटी शोधत होते आणि त्यांना भलतंच काही सापडलं: पीसीबी. १९६६ साली त्यांनी ते जाहीर केलं. संग्रहालयातल्या गरुडाच्या १९४४ च्या पिसांतही ते निघालं, आणि स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या केसांतही.

जगातली सर्वात खोल जागा, पॅसिफिकमधली मरियाना गर्ता. २०१७ साली तिथल्या इवल्याशा झिंग्यासारख्या जीवांत इतकं पीसीबी सापडलं की चीनमधल्या एका अतिप्रदूषित नदीच्या पाण्यावर पोसलेल्या भातखाचरांतले खेकडे त्यांच्यापुढे स्वच्छ ठरले. फरक पन्नासपट.

मासेही हमाली करतात. अलास्कातले सॉकाय सामन समुद्रात खाऊन मोठे होतात, अंडी घालायला डोंगरातल्या तळ्यांत येतात आणि तिथेच मरतात. ज्या तळ्यात मासे जास्त, त्या तळ्याच्या गाळात पीसीबी जास्त, असं २००३ साली दाखवलं गेलं. कॅनडाच्या डेव्हन बेटावर हेच काम समुद्रपक्ष्यांची विष्ठा करते. त्यांच्या कड्याखालच्या डबक्यांत डीडीटी इतर डबक्यांच्या साठपट होतं.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटं मारायला १९४९ पासून डीडीटीचाच भाऊ डीडीडी टाकला. पाण्यात त्याचं प्रमाण दहा लाखांत ०.०२ भाग, म्हणजे नगण्य. ते पाण्यातून शेवाळात गेलं, शेवाळातून लहान माशात, लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून पाणपक्ष्यात. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत आकडा निघाला १,६००. ऐंशी हजारपट. नुसतं पाणी तपासून ‘सब ठीक’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. इतर माशांवर जगणाऱ्या मरळीसारख्या माशाची तपासणी म्हणूनच पाण्याइतकीच महत्त्वाची.

आणि गावातल्या डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल. भारतात पीसीबी कधी बनलं नाही, ते परदेशातून आलं. बहुतेक डीपींत साधं खनिज तेलच असतं. पण जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काय असेल याचा भरवसा नाही. सरकारनं २०१६ च्या आदेशानं पीसीबीचा वापर २०२५ अखेर पूर्ण थांबवायची मुदत घातली. चोरीचं डीपीचं तेल सांधेदुखीवर चोळायला कोणी देत असेल तर ते लावू नये.

तंबूवरचं पाणी

आता नव्या पिढीची रसायनं: पीफास. तव्यावरचा न चिकटणारा थर, पाणी झटकणारं जॅकेट, तंबूचं कापड, आग विझवायचा फेस, सगळीकडे यांचं कुटुंब. स्टॉकहोम विद्यापीठाच्या इयान कझिन्स यांनी २०२२ साली जगभरच्या पावसाच्या पाण्याचे आकडे एकत्र केले. अंटार्क्टिका आणि तिबेटच्या पठारावरच्या पावसातही पीएफओए हे रसायन अमेरिकेनं पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेल्या मर्यादेच्या वर होतं. ती मर्यादा अतिशय कडक होती हे खरं, पण पृथ्वीवर तिच्याखालचा पाऊस शोधायचा कुठे हा प्रश्न उरलाच. समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे तुषार हे पीफास पुन्हा हवेत चढवतात, हेही आता मोजून दाखवलं गेलंय. समुद्रात टाकलं म्हणजे संपलं, हा हिशेब इथे चुकतो.

एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपासून वरपर्यंतच्या बर्फात पीफास सापडलं, ही २०२१ ची बातमी. संशयित कोण? गिर्यारोहकांचे कपडे आणि तंबू. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर शनिवारी रात्री किती जलरोधक जॅकेटं चढतात याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. खरेदी करताना पीफास नसलेलं कापड मागता येतं. आता ते मिळतंही.

ही गोष्ट कोकणापर्यंतही आली आहे. इटलीतल्या त्रिस्सिनो गावातल्या मितेनी या कारखान्यामुळे व्हेनेतो प्रांतातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यात पीफास गेलं. २०१८ साली कंपनीचं दिवाळं निघालं, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मधल्या काळात लिलावात विकली गेली आणि ती उतरली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. यंत्रं तीच असली म्हणजे चुकाही त्याच होतील असं नाही. पण इटलीत गावकऱ्यांना कळेपर्यंत कित्येक दशकं गेली. लोट्याच्या विहिरी, वाशिष्ठीचं पाणी आणि सह्याद्रीवरचा पाऊस यांची पीफाससाठी नियमित तपासणी आत्तापासून व्हावी आणि तिचे आकडे लोकांना दिसावेत, यात अवघड काही नाही.

शंभर वर्षांची नळी

गाळ वाचायची पद्धत फार सुंदर आहे. होडीतून एक पारदर्शक नळी तळात सरळ खुपसायची, वरून बंद करून ओढून काढायची. आत थर जसेच्या तसे उभे: वर सैल, काळपट, ओला गाळ, खाली घट्ट माती. मग खालून हळूहळू वर ढकलत अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या कापायच्या, प्रत्येक वेगळ्या पिशवीत.

चकतीचं वय कसं कळतं? हवेतून नैसर्गिकपणे पडणारं शिसं-२१० दर बावीस वर्षांनी निम्मं होतं, त्यावरून. आणि पक्की खूण म्हणजे सीझियम-१३७. अमेरिका आणि सोव्हिएत रशियानं हवेत जे अणुबॉम्ब फोडले, त्यांची राख उत्तर गोलार्धातल्या तळ्यांत पडली, आणि तिचा सर्वात मोठा ढीग आहे १९६३ चा. त्याच वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. चकत्यांमध्ये सीझियमचं टोक जिथे दिसेल, तिथे पेन्सिलीनं १९६३ लिहायचं आणि वर-खाली मोजत सुटायचं.

सिस्किविटच्या गाळात एक आनंदाची बातमीही लिहिलेली आहे: १९७० च्या दशकात डायऑक्सिन शिगेला पोचलं आणि नंतर, कायदे आणि भट्ट्यांची सुधारणा झाल्यावर, वरच्या थरांत ते उतरत गेलं. माणसानं थांबवलं तर तळं ते नोंदवतं.

विल्सन धरणाची शंभरी २०२६ ची. रोषणाई, तिरंगी झोत आणि सेल्फी होतीलच. त्याच निमित्तानं पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेनं आणि अकोल्याच्या महाविद्यालयातल्या पोरांनी मिळून भंडारदऱ्यात ही नळी घालावी. सगळ्यात खालचा थर डीडीटीच्या आधीचा, सगळ्यात वरचा कालच्या पावसाचा. असा शंभर वर्षांचा सलग हिशेब देणारी जागा सह्याद्रीच्या माथ्याला मिळणं सोपं नाही. जागा मात्र धरणाच्या भिंतीकडची, उन्हाळ्यातही पाण्याखाली राहणारी निवडावी लागेल. रतनवाडीकडचा तळ मे महिन्यात उघडा पडतो, त्यावर गुरं फिरतात, गाड्या जातात, आणि तिथले थर केव्हाच एकमेकांत कालवले गेलेत.